गदा नेमकी कोणाला मिळते? : के-वन, महाराष्ट्र केसरी आणि एक दोन-दोनची बरोबरी

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. ज्यांनी ऐकलाय त्यांना काही गोष्टी पुन्हा भेटतील, पण बोलताना घाईत राहून गेलेलं बरंच इथे घातलंय. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी आधी वाचला तरी चालेल. अमरावती-अकोला एसटीत मूर्तिजापूरच्या अलीकडे नेटवर्क गेलं की ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं पडतं, हा माझा जुना अनुभव.

विषय कसा निघाला ते सांगतो. अचलपूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "भाऊ, मी ते जपानच्या के-वनचे जुने रील्स पाहून रायलो. एकाच रात्री तीन-तीन फाइट खेळतेत अन् शेवटी एकच उरते. आपल्याकडं असं काही हाय का? मोठ्या वजनाचे गडी, अन् शेवटी एकच?"

आहे ना भाऊ. १९६१ पासून आहे. त्याचं नाव महाराष्ट्र केसरी. लाथा-बुक्क्या नाहीत, कुस्ती आहे, पण प्रश्न तोच : सगळ्या राज्यातल्या भारी गड्यांमधून एक कसा निवडायचा? मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. मला यात पैलवानांइतकंच आकर्षण आहे ते निवडण्याच्या पद्धतीचं. कारण माझ्या घरात एक माणूस त्या पद्धतीच्या एका बारीक नियमावर पडला. ती गोष्ट पुढे येईल. आधी के-वन समजून घेऊ.

के-वन, पाच मिनिटांत

के-वन ही किकबॉक्सिंगची स्पर्धा काझुयोशी इशी या जपानी कराटे गुरूने १९९३ मध्ये सुरू केली. पहिली ग्रां प्री ३० एप्रिल १९९३ ला टोकियोच्या योयोगी जिम्नॅशियममध्ये झाली. कल्पना एकदम सोपी : आठ गडी, एक रात्र, हरला की घरी. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. म्हणजे जिंकणाऱ्याला एकाच रात्रीत तीन लढती. ठोसे, लाथा, गुडघे चालतात, कोपर चालत नाही. वजनाला वरची मर्यादा नाही.

पहिल्याच वर्षी क्रोएशियाचा ब्रँको सिकाटिच जिंकला. वय ३८. अंतिम फेरीत त्याने हॉलंडच्या अर्नेस्टो होस्टला पाडलं. हाच होस्ट पुढे चार वेळा विजेता झाला : १९९७, १९९९, २००० आणि २००२. पीटर आर्ट्स तीनदा जिंकला. सेमी शिल्ट हा सात फुटांच्या आसपास उंचीचा गडी चारदा जिंकला. आणि स्वित्झर्लंडचा अँडी हग. त्या घोळक्यात तो लहानखुराच दिसायचा. पण टाच डोक्याच्या वर नेऊन कुऱ्हाडीसारखी खाली आणायचा, आणि १९९६ ची ग्रां प्री त्यानेच नेली. २००० च्या ऑगस्टमध्ये ल्युकेमियाने तो गेला, तेव्हा फक्त ३५ वर्षांचा होता. जपानी लोक आजही त्याचं नाव काढतात.

आता २००२ ची गंमत बघा. बॉब सॅप नावाचा दीडशे किलोच्या वरचा अमेरिकन. आधी फुटबॉल खेळणारा, तंत्र यथातथाच, पण अंगावर आला की भिंत आल्यासारखं. त्याने उपांत्यपूर्व फेरीत होस्टला हरवलं. होस्ट बाहेर. पण त्या लढतीत सॅपचाच हात मोडला, त्याला माघार घ्यावी लागली. नियमाप्रमाणे होस्ट परत आत आला, उपांत्य जिंकला, अंतिम फेरीत जेरोम ले बॅनरला हरवून विजेता झाला. म्हणजे त्या रात्री हरलेला माणूस त्याच रात्री चॅम्पियन!

यात फसवाफसवी काही नाही. नियम आधीपासून लिहिलेला होता. पण एक लक्षात घ्या. अशी स्पर्धा "सगळ्यात ताकदवान कोण" याचं उत्तर देत नाही. ती "या नियमांत, या दिवशी, शेवटपर्यंत कोण उभं राहिलं" याचं उत्तर देते. ही दोन उत्तरं बहुतेक वेळा एकच असतात. नेहमी नाही. इथून आपण लाल मातीत येऊ.

आपली गदा कशी ठरते

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही संस्था मामासाहेब मोहोळांनी उभी केली. तिच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी ठरायला लागला तो १९६१ पासून. त्या वर्षी औरंगाबादला दिनकर दह्यारी जिंकले. जिंकणाऱ्याला मिळते चांदीची गदा. ही गदा मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते.

अधिवेशनात लहान वजनांचे गट असतातच : ५७ किलो, ६१, ६५ असे चढत. त्यांना पदकं मिळतात. पण गदा एकच, आणि ती भारी गटाची. आजच्या नियमात ८६ ते १२५ किलोपर्यंतचा पैलवान या गटात उतरू शकतो. आता हिशोब करा : ८७ किलोचा पोरगा आणि १२४ किलोचा गडी एकाच गटात. मध्ये ३७ किलोचा फरक!

यात आपलं स्वतःचं एक वेगळेपण आहे, जे के-वनमध्ये नाही. आपल्याकडे दोन झाडं चालतात. एक माती विभाग, एक गादी विभाग. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, आणि ती कुस्ती जिंकेल त्याची गदा. प्रत्येक जिल्ह्यात आणि शहरात आधी निवड चाचणी होते, तिथून माती आणि गादी दोन्हींसाठी पैलवान राज्याला जातात.

माती आणि गादी यांत फरक काय, हे रील्स बघणाऱ्यांना पटकन कळत नाही. माती म्हणजे नुसती जमीन नाही. लाल माती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कमावतात. पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड बसते, कुस्ती जरा सावकाश चालते. गादीवर सगळं झटपट. पाय घसरत नाही, वेग जास्त, आणि समोरचा वाकला रे वाकला की एकेरी पट काढून तो खाली. गावातल्या दंगलीत कुस्ती निकाली असायची : पाठ लागेपर्यंत. वेळ संपला, दोघं दमले, तर पंच हात वर करून बरोबरीत सोडवायचे. इनाम अर्धं-अर्धं. पण स्पर्धेत अर्धी गदा देता येत नाही. म्हणून गुण आले.

गुणांचा हिशोब थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. समोरच्याला खाली घेऊन मागे ताबा मिळवला की २. त्याला उचलून पाठीवर आपटला तर ४, फारच मोठा फेक असेल तर ५. समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं तर १. नुसता टाळाटाळ करत राहिला तर पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात. त्यात कोणालाच गुण मिळाला नाही, तर टाळाटाळ करणाऱ्याच्या विरोधात १ गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. आणि दोन्ही खांदे टेकले, ताबा पक्का दिसला, की चितपट. मग आधीचे गुण कितीही असोत, ते पुसले गेले.

आता गुण बरोबरीत सुटले तर? हा प्रश्न डोक्यात ठेवा.

वऱ्हाडात आलेली गदा

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की महाराष्ट्र केसरी म्हणजे कोल्हापूर, सांगली, पुणे. आपला काय संबंध? संबंध आहे. १९६४ ची महाराष्ट्र केसरी अमरावतीला झाली होती. गणपतराव खेडकर जिंकले, आणि पुढच्या वर्षी नाशिकलाही त्यांनीच गदा नेली. १९६७ ला स्पर्धा खामगावला आली. तिथे जिंकले चंबा मुतनाळ, आणि त्यांनीही पुढचं वर्ष सोडलं नाही. १९७३ ला अकोल्यात लक्ष्मण वडार. ते कोल्हापूरला १९७२ ला जिंकलेच होते, अकोल्यात सलग दुसरी. १९९४ ला पुन्हा अकोला, संजय पाटील. २००० ला पुन्हा खामगाव, विनोद चौगुले.

ही यादी मी पहिल्यांदा एका एक्सेल शीटमध्ये टाकली तेव्हा एक गोष्ट दिसली. या पाचही वेळा माती आपली, प्रेक्षक आपले, हलगी आपली. गदा मात्र पश्चिमेकडच्या गाडीत बसून गेली.

हे वऱ्हाडात ताकद नव्हती म्हणून झालं, असं मी तरी म्हणणार नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्या मंडळाच्या तुकडीने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. म्हणजे व्यायामाची हौस आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी. पण कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, तालमी उभ्या राहिल्या. मोतीबाग, गंगावेश. पोरगं बारा वर्षांचं झालं की तालमीत राहायला. वस्ताद तिथे, जोडीदार तिथे, खुराक तिथे. आजूबाजूला पंधरा जण स्वतःहून भारी. रोज त्यांच्याशी झोंबायचं. आपल्याकडे आखाडे होते, आहेत, पण ९५ किलोच्या पोराला रोज भिडायला त्याच वजनाचा दुसरा पोरगा गावात कुठून आणायचा? भारी वजनाची सगळ्यात मोठी अडचण ही आहे. ताकद घरी कमावता येते, जोडीदार घरी मिळत नाही.

लक्षात राहिलेले पैलवान

श्रोत्यांनी नावं मागितली होती, म्हणून माझ्या यादीतली थोडी सांगतो. सगळी सांगायची तर दुसरा एपिसोड लागेल.

दादू चौगुले : मोतीबाग तालमीचे. १९७० आणि १९७१, सलग दोन गदा. १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत भारतासाठी रौप्यपदक. मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते खामगावचे विजेते विनोद चौगुले, हे त्यांचेच चिरंजीव. बाप आणि लेक दोघंही महाराष्ट्र केसरी. त्यातली लेकाची गदा आपल्या वऱ्हाडात मिळालेली, हे मला फार आवडतं.

हरिश्चंद्र बिराजदार : १९६९ चे महाराष्ट्र केसरी, लातूरकडचे. दिल्लीच्या सतपालसारख्या तगड्या पैलवानाला त्यांनी बेळगावला हरवलं, ती कुस्ती जुने लोक आजही हातवारे करून सांगतात. हेच सतपाल पुढे सुशीलकुमारचे गुरू.

बोरामणीचं शेख घराणं : सोलापूर जिल्ह्यातलं गाव. इस्माईल शेख १९८० ला, आप्पालाल शेख १९९२ ला, मुन्नालाल शेख २००२ ला. एका घरात तीन गदा.

नरसिंग यादव आणि विजय चौधरी : दोघांचीही हॅट्ट्रिक, तीही पाठोपाठ. २०११, २०१२, २०१३ नरसिंग. २०१४, २०१५, २०१६ विजय. नरसिंग आंतरराष्ट्रीय पातळीवर ७४ किलोत खेळायचा, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण त्याच गटातलं. म्हणजे के-वनमधला अँडी हग आठवा : भाऱ्यांच्या गर्दीत तुलनेने हलका, पण डोकं आणि वेग जास्त. जळगाव जिल्ह्यातला विजय चौधरी पुढे पोलीस दलात डीवायएसपी झाला.

हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके : जानेवारी २०२०, बालेवाडी. अंतिम कुस्तीतले दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. रोज एकमेकांशी सराव करणारे, एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ. निकाल ३-२, हर्षवर्धन जिंकला. आणि जिंकल्यावर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. गदा एकाची झाली, पण फोटो दोघांचा.

सिकंदर शेख : मोहोळचा, वडील हमाली करायचे, स्वतः गंगावेश तालमीत घडला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात त्याच्या आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत महेंद्रला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद झाला. सिकंदर बाहेर पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्याने शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. इतकी लवकर संपली की मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत गदा गेली होती.

याच २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली. पुढच्या वेळी कोणी "पोरींचं काय काम" म्हटलं तर हे नाव सांगा.

आता एक गुंतागुंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले! फुलगावला सिकंदर, आणि धाराशिवला शिवराज राक्षे. कारण संघटना दोन झाल्या आणि दोघींनी आपापली स्पर्धा घेतली. आमच्या कामात एका कोडच्या दोन शाखा होतात आणि दोन्हीकडे लोक "आमचंच खरं" म्हणत बसतात, तसं. पैलवानाला मात्र दोन्हीकडे तेवढाच घाम गाळावा लागतो.

दादाची दोन-दोन

आता घरातली गोष्ट.

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. गाव अकोल्यापासून तासाभरावर. मामाची कोरडवाहू शेती, कापूस अन् तूर. दादा सातवीत असतानाच अंगाने असा वाढला की आजी म्हणायची, "या पोट्ट्याले दोन ताटं वाढा लागते." गावात आखाडा होता, मारुतीच्या देवळामागे. पत्र्याचं छप्पर, आत माती, कोपऱ्यात मुद्गल. दादा तिथे सकाळी जोर-बैठका मारायचा आणि संध्याकाळी लहान पोरांना दोन-दोन करून अंगावर घ्यायचा, कारण त्याच्या वजनाचं कोणी नव्हतंच. जत्रेच्या दंगलींमध्ये पाचशे, हजार, कधी पाच हजारांची कुस्ती मारायचा. मी अमरावतीला बीटेक करत होतो तेव्हा तो कधी हॉस्टेलवर आला की मेसवाला त्याच्याकडे बघून आधीच घाबरायचा.

त्याचा खुराक म्हणजे मामाच्या घरातलं कायमचं गणित होतं. दूध घरच्या म्हशीचं, पण बदाम विकत. तूप विकत. मामीने एका वर्षी स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या हे मला कितीतरी नंतर कळलं. दादाला तर आजही वाटतं की ते पैसे तुरीचे होते. (हा एपिसोड तो ऐकणार आहे. मामीला विचारूनच बोललोय.)

तर एका वर्षी तो जिल्ह्याच्या निवड चाचणीला उतरला. वजन ९४ किलो. गादी विभाग, कारण मातीकडे नावं जास्त होती आणि कोणीतरी सांगितलं होतं की गादीवर संधी आहे. गादीवर तो त्याआधी आयुष्यात चार-पाच वेळा उभा राहिला असेल. शेवटची कुस्ती. जिंकला की राज्याला, महाराष्ट्र केसरी गटात.

समोरचा पोरगा आधी नुसता टाळत होता. पंचांनी ताकीद दिली, घड्याळ लावलं, दादाला १ गुण. दुसऱ्या डावात त्या पोराने अचानक पट काढला आणि मागे गेला. त्याचे २. मग दादाने रेटत रेटत त्याला रिंगणाबाहेर काढलं. १ गुण. दोन-दोन. घड्याळात पंचवीस सेकंद बाकी.

आणि दादा थांबला.

मी कठड्याला धरून ओरडत होतो, "दादा, आत घुस!" त्याने माझ्याकडे बघून हात हलवला, म्हणजे थांब, ठीक आहे. दोन्ही हात पुढे करून तो नुसता बचाव करत राहिला. शिट्टी वाजली. पंचांनी हात वर केला तो समोरच्या पोराचा.

नंतर नळाजवळ डोक्यावर पाणी घेत तो म्हणाला, "मले वाटलं शेवटचा पॉइंट माया हाय, म्हंजे मीच जितलो."

ही त्याची चूक अगदी अर्धी बरोबर होती. मघाशी डोक्यात ठेवायला सांगितलेला प्रश्न आता काढा. गुण बरोबरीत असले तर निकाल तीन पायऱ्यांनी लागतो. पहिली पायरी : कोणाच्या खात्यात मोठ्या किमतीचा डाव आहे? दोघांचं तेही सारखं असेल तर दुसरी पायरी : कोणाला ताकिदीची शिक्षा कमी? तेही सारखं असेल तर, आणि तरच, तिसरी पायरी : शेवटचा गुण कोणाचा?

दादाचे दोन गुण म्हणजे १ अधिक १. समोरच्याचे दोन म्हणजे एकच २. पहिल्याच पायरीवर निकाल लागला. शेवटच्या गुणापर्यंत गोष्ट गेलीच नाही. दादाने कुठल्या तरी दंगलीत ऐकलं होतं की "बरोबरीत शेवटचा पॉइंट जितते". ते खरं होतं, पण तिसऱ्या पायरीवर. आधीच्या दोन पायऱ्या त्याला कोणी सांगितल्याच नव्हत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने तिसरी अट वाचली आणि पहिली अट सोडून दिली. कोड चालला, पण उत्तर भलतंच आलं.

पंचवीस सेकंद होते. तो दमलेला नव्हता. समोरचा मात्र दमून वाकलेला होता. एकदा घुसला असता, तर काय झालं असतं? माहीत नाही. पण थांबला म्हणून काय झालं ते माहीत आहे. पुढच्या वर्षी मामाचा पाय मोडला, शेती दादाच्या अंगावर आली, आणि बदाम बंद झाले.

निकाल मान्य नसेल तर

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. तुमच्यापैकी बहुतेकांनी क्लिप पाहिली असेल. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केलं, असा निर्णय झाला. राक्षेचं म्हणणं होतं की आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. नंतर अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी.

त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळे भांडत होते. खांदा टेकला, नाही टेकला. व्हिडिओ थांबवून, मोठा करून, लाल गोल काढून. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "खांदा टेकला का नाई, ते कॅमेऱ्यानं पाहावं. पन लाथ कायले मारतं? तीन वर्सं गेली नं त्याची. पैलवानाचे असे किती तीन वर्सं असतेत?"

मला यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. भारी वजनाचा पैलवान अंगाने भरायलाच विशी ओलांडतो. त्यानंतर ऐन भरातली सहा-सात वर्षं. त्यातली तीन गेली म्हणजे अर्धं आयुष्य गेलं. म्हणूनच चुकलेला निकाल इतका जिव्हारी लागतो. आणि म्हणूनच निकाल देणारी व्यवस्था स्वच्छ हवी. फेरतपासणी सगळ्यांसमोर, पडद्यावर हवी. ज्याच्या घरात बांगड्या मोडून बदाम आलेत, त्याला "पंचांनी सांगितलं म्हणून" एवढं उत्तर पुरत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. होस्ट हरूनही जिंकला, कारण नियम तसा होता. दादा बरोबरीत असूनही हरला, कारण नियम तसा होता. नियम चुकीचा वापरला गेला तर भांडायचं. नियम माहीतच नसेल तर भांडायचं कोणाशी?

पुढच्या वेळी बघताना

पुढची महाराष्ट्र केसरी मोबाइलवर लावाल तेव्हा एवढं करा. पहिलं, नुसते गुण बघू नका, गुण कशाने मिळाले ते बघा. दोन-दोन झाले की लगेच स्वतःला विचारा, मोठा डाव कोणाचा? निकाल पंचांच्या आधी तुम्हाला कळेल. दुसरं, माती विभागातला गडी अंतिम फेरीत कसा पाय टाकतो ते बघा. तिसरं, घड्याळ लागलं की टाळणारा कोण आणि घुसणारा कोण, ते बघा. खरी कुस्ती त्या तीस सेकंदांत दिसते.

आणि तुमच्या गावात आखाडा असेल, तिथे कोणी भारी अंगाचं पोरगं एकटंच जोर मारत असेल, तर त्याला बरोबरीच्या या तीन पायऱ्या वाचून दाखवा. यात पैसे लागत नाहीत.

दादा सध्या हेच करतो. देवळामागचा आखाडा अजून आहे. गादी नाही, माती आहे. पण मातीत चुन्याने गोल आखलाय, आणि पत्र्याच्या भिंतीवर खडूने तीन ओळी लिहिल्या आहेत : मोठा डाव, कमी ताकीद, शेवटचा पॉइंट. सरावात दोन पोरं दोन-दोनवर आली की तो कुस्ती थांबवतो आणि बाकीच्यांना विचारतो, "आता कोन जितून रायला?" चुकीचं उत्तर दिलं तर सगळ्यांना पन्नास बैठका.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मलाही विचारलं. मी बरोबर सांगितलं. तरी वीस बैठका मारायला लावल्या. म्हणे, "इंजिनेर झाला म्हून सूट नाई." दोन दिवस जिना उतरता येत नव्हता.

तुमच्या भागातल्या पैलवानांच्या, दंगलींच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा. अमरावतीची १९६४ ची किंवा अकोल्याची १९७३ ची स्पर्धा घरातल्या कोणी प्रत्यक्ष पाहिली असेल, तर फोन लावून त्यांना बोलतं करा आणि रेकॉर्ड करून ठेवा. ते आवाज आता थोडेच उरलेत. चांगली नोट आली तर पुढच्या एपिसोडची सुरुवात तिनेच करू.

भेटूया मग. राम राम!